माझ्या पाठाला विद्यार्थी कोण?

"सिस्टर, आधी जरा चहाचं बघता का?"

मी फळ्यापाशी उभी. हातात खडू. पाठ नुकताच सुरू केलेला. बोलले ते पहिल्या बाकावरचे डॉक्टर, त्या घडीला माझे 'विद्यार्थी'. सगळा हॉल हसला.

नाशिकमधल्या एका कॉलेजात डॉक्टर आणि नर्सिंगच्या शिक्षकांचं एकत्र प्रशिक्षण होतं. मायक्रोटीचिंगचं. एकाने छोटा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, मग चुका सांगायच्या आणि त्या सुधारून तोच पाठ पुन्हा घ्यायचा. प्रमाणपत्र मिळालं की मला शिकवायला वर्ग मिळणार होता. नाही तर वॉर्ड.

सकाळी बहुतेक डॉक्टरांचे पाठ झाले. आम्ही नर्सेस शहाण्या मुलींसारख्या बसलो. हात वर केले. 'येस सर' म्हटलं. त्यांना दोनदा शिकवू दिलं.

प्रत्येकाने पाठात शिकवण्याचं एकच कौशल्य दाखवायचं; माझं होतं प्रश्न विचारणं. मी विचारलं, "जखम बांधण्याआधी काय बघाल?"

एकाने फोन कानाला लावला. ते चहावाले डॉक्टर म्हणाले, "ते तुम्ही बघायचं. आम्ही सही करतो."

परत हशा.

नंतर प्रशिक्षणाच्या मॅडमनी चुका सांगितल्या. "वर्गाकडून प्रतिसाद मिळवता आला नाही." म्हणजे उत्तर त्यांनी टाळलं, चूक माझी! वर म्हणाल्या, "पुन्हा पाठ नको. वेळ नाहीये. तुम्ही वॉर्डातच बऱ्या."

पुढचा पाठ चहावाल्यांचा. "चला सिस्टर, बसा."

डोकं सणकलं. मी मनमाडची. अम्मी स्टेशनबाहेर बांगड्या विकायची. गिऱ्हाइकाशी घासाघीस करतच मी मोठी झाले.

"नाही बसणार. आधी माझा पाठ पुन्हा, तुम्ही विद्यार्थी. मग तुमचा."

"इथे काय भाजीबाजार आहे का?"

"बाजारात फुकट काही मिळत नाही, सर. इथे सकाळपासून आम्ही फुकट हात वर करतोय."

कुणी हसलं नाही. मी उभीच राहिले. मागून आमच्या दोघी उठल्या, मग बाकीच्याही. आमची बाकं रिकामी. सरांचा पाठ झालाच नाही.

माझं प्रमाणपत्र अडवलं. 'गैरवर्तन' म्हणे. आज मी वॉर्डातच आहे, आणि राग तसूभरही कमी झालेला नाही. पुढच्या प्रशिक्षणाला पुन्हा नाव दिलंय. माफी लिहून द्या म्हणाले. दिली नाही, देणारही नाही. वर्ग मला हवा आहे आणि तो मी घेणार. पण जो माझ्यासमोर विद्यार्थी होणार नाही, त्याची विद्यार्थिनी मी या जन्मात होणार नाही.