डाळीला उकळी कुणी आणली?

दुपारचे दोन. जयपूरचं विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र, एका कारखान्याचं कॅन्टीन. डाळ खाऊन कामगारांना उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळच्या आत मॅनेजमेंटने गुन्हेगारही ठरवला: जेवण पुरवणाऱ्या जवाहर नगरच्या सुलभावहिनी. "बासी माल भेजा." कंत्राट बंद!

वहिनी आणि शिळं? जयपुरात बातमीदारी करून माझे केस पिकले, इतकं धादांत खोटं क्वचित ऐकलं. त्यांचे डबे खाणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत, अन्न पुन्हा गरम करण्यावरून त्यांची बोलणी न खाल्लेला एकही नाही. दोघे भेटलो की एक किस्सा निघतो, तो संपायच्या आत दुसरा.

*

आयटीतल्या निखिलने फोन केला, "वहिनी, डबा मायक्रोवेव्ह करू?"

"डबा स्टीलचा आहे रे. तो राहू दे, आतलं काढून कर."

*

वहिनींचा नियम: दूध तापवायचं, पोळी शेकायची, भाताला वाफ आणायची, डाळीला उकळी. निखिल म्हणाला, "सगळ्याला 'गरम कर' म्हटलं तर काय बिघडलं?"

"मग मलाही 'ए बाई' म्हण. काय बिघडलं?"

*

कामाला येणारी शेखावाटीची गीता विचारते, "दूध तातो कर दूं?" गरमला 'तातो' हा शब्द वहिनींना इतका आवडला की आता सांगलीला फोनवर बहिणीलाही सांगतात, "थांब, दूध तातं करून येते."

*

मी एकदा फ्रीजमधली डाळ तशीच खाल्ली. कळल्यावर म्हणाल्या, "भावजी, शिळं छापता तेवढं पुरे. पोटाला कशाला ती सवय?"

*

तर मी कारखान्यात गेलो. वहिनींची डाळ सकाळीच पोचते, जेवणाआधी उकळी आणायचं काम कॅन्टीनचं. कॅन्टीनच्या मॅनेजरला विचारलं, "डाळ गरम केलीत?"

"अच्छे से की, सर."

"उकळी आली होती?"

"मतलब?"

"बुलबुले उठे थे?"

"हां हां, गैस पे खूब उबाली."

मी सरळ आत घुसलो. शेगडीवर धूळ. सिलिंडर नाही, नळीही नाही. भांडी घासणारी बाई म्हणाली, "गैस तो होली से बंद है, भैया."

कामगार मात्र सांगतात, डाळ चांगली कढत होती.

मागच्या शेडमध्ये लोखंडी कपाटांचा रंग भाजून पक्का करायची भट्टी आहे, आत रंगाचा उग्र धूर. तिच्या ट्रॉलीवर डाळीचे ओघळ वाळलेले होते. फोटो माझ्याकडे आहे. डाळ तिथे कुणी नेली, हे मी मॅनेजमेंटला लेखी विचारलं आहे.