कोळशाच्या वड्या

रत्नागिरीच्या बाजारात कोळसा विकणारे ते चाचा तरुणपणी कुवेतच्या हॉटेलात मासे भाजायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दोन कोळसे एकमेकांवर आपटून ते आवाज ऐकत आणि खणखणीत वाजला तरच पिशवीत टाकत.

"परसात सुरमई भाजायचीय," मी म्हणालो. "भाऊ येतोय मुंबईहून, चार वर्षांनी."

त्यांचा हात थांबला. "भांडण झालेलं?"

मी होकारार्थी मान हलवली.

चाचांनी भरलेली पिशवी पोत्यात रिकामी केली आणि तिच्यात भुकटी दाबून केलेल्या वड्या भरल्या. "लाकडी कोळसा झटकन पेटतो. मासा होईल, तो जेवून निघून जाईल. ह्या वड्या पेट धरायला पाऊण तास घेतात. तेवढं तरी बसेल तुमच्याजवळ."

संध्याकाळी वड्या खरंच धरेनात. भाऊ लांब उभा होता. शेवटी माझ्या हातातलं सूप घेऊन तोच वारा घालायला बसला.

"आई आजारी होती तेव्हा वेळेवर का नाही कळवलंस?" त्याने खाली बघत विचारलं.

मी सगळं सांगत गेलो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी विचारलं, "कसा झाला मासा?"

"करपला."

काळ्या बोटांनी दाढी कुरवाळत ते हसले. "मग बरं झालं."