गोळीबरोबरचा शिरा

माझी तब्येत सुधारत होती, असं सगळे म्हणत होते. वजन वाढलं होतं, खोकला गेला होता, रक्तातल्या ज्या पेशी मोजतात त्याही वाढल्या होत्या. मुंबईच्या सरकारी इस्पितळातली समुपदेशक बाई माझा कागद बघून एवढी खूश झाली की तिला पेढे वाटायचे होते की काय कोण जाणे. आणि मी तिच्यासमोर बसून विचार करत होते की हिला कसं सांगू, मला आता जगायचं नाहीये.

फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा क्षयाने गेला, एवढंच शेजारपाजारी ठाऊक होतं. क्षयाच्या मागे एचआयव्ही होता आणि तो मलाही झाला होता, हे फक्त सासूबाईंना आणि मला माहीत. सासूबाई रत्नागिरीकडच्या. मुलगा गेल्यावर त्यांनी गावी जायचं नाव काढलं नाही, आणि मला माहेरी कोणी बोलावलं नाही. राहिलो दोघी. मी साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचे. गिऱ्हाईक बरं होतं, दिवाळीच्या आधी तर मान वर करायला फुरसत नसायची.

एचआयव्हीच्या मोफत गोळ्या तेव्हा नुकत्याच मिळायला लागल्या होत्या. मलाही क्षयाचे उपचार चालू होते, म्हणून इतर बायकांना द्यायचे ती गोळी मला चालत नव्हती. मला दुसरी दिली, झोपायच्या वेळी घ्यायची. पहिल्यांदा इस्पितळात गेलो तेव्हा, औषधाची आठवण ठेवणारं घरचं माणूस हवं, म्हणून सासूबाईंना आत बोलावलं आणि सगळ्या सूचना त्यांना दिल्या. मी बाहेर बाकावर खोकत होते. तेव्हापासून माझी गोळी त्यांच्या ताब्यात गेली.

आणि तेव्हापासूनच माझं बिनसत गेलं. सुरुवातीला चक्कर यायची, मग स्वप्नं. ती इतकी खरी असायची की सकाळी जाग आल्यावर मी आधीच दिवसभर राबल्यासारखी दमलेली असायचे. त्यापुढचं सांगणं अवघड आहे. रडू येत नव्हतं. काही येतच नव्हतं. मशीनवर बसले की साडीची कडा हातात धरून तशीच बसून राहायचे. पाणी आलं की उठून भरायला हवं, हे कळायचं, पण उठायचं कसं तेच आठवायचं नाही. गिऱ्हाइकं साड्या तशाच परत घेऊन जायला लागली. मला त्याचंही काही वाटेना.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. खालची बाई म्हणाली, मन रमव कशात तरी. समुपदेशक बाई म्हणाली, चांगले विचार करा. माझा भाऊ एकदाच फोनवर बोलला, तोही म्हणाला, मन घट्ट कर. जो तो माझ्या मनाच्या मागे लागला होता. वाटायचं, यांना एकदा ते काढून हातात द्यावं आणि सांगावं, घ्या, करा घट्ट.

मी मनाशी ठरवलं होतं की गोळी बंद करायची. बंद केली की काय होणार हे मला चांगलं माहीत होतं, मी ते घरातच पाहिलं होतं. पण रोज असं उठण्यापेक्षा ते बरं, इथवर मी आले होते. सासूबाई समोर बसून गोळी घ्यायला लावायच्या, नाहीतर केव्हाच थांबवली असती.

पुढच्या वेळी इस्पितळात नवीन डॉक्टरीण होती. तरुण होती, चेहऱ्यावर झोप होती, आणि माझा कागद बघून ती खूश झाली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "काय होतंय?" म्हणाली. मी सासूबाईंसमोर सांगून टाकलं, की मला ही गोळी नको आणि काहीच नको. सासूबाईंनी माझ्या मांडीवरचा पदर घट्ट धरला. त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

डॉक्टरीण घाबरली नाही, तिने भाषणही दिलं नाही. स्वप्नं कशी पडतात, सकाळी बरं वाटतं की संध्याकाळी, असं विचारत गेली. मग म्हणाली, "गोळी जेवल्यावर किती वेळाने घेता?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, तेही जरा अभिमानाने. "शिऱ्यातून देते मी. साजूक तूप, दूध, वर काजू. एक दिवस चुकवला नाही."

"रिकाम्या पोटी द्या, असं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. माझ्या झिलाला, हिच्या नवऱ्याला पण रिकाम्या पोटीच सांगितलेलं, क्षयाच्या गोळ्यांना. घेतल्या की ओकायचा. हाडं राहिली नुसती. रिकाम्या पोटी एवढं उष्ण औषध कोण घालतं काय? म्हटलं, हिला नाही देणार तशी."

डॉक्टरिणीने खुर्ची पुढे ओढली आणि सासूबाईंनाच समजावून सांगायला लागली. ही गोळी मेंदूपर्यंत जाते. तुपाबरोबर घेतली की हवी त्यापेक्षा जास्त रक्तात उतरते, म्हणून ही स्वप्नं, म्हणून हे मरगळणं. पण सगळा दोष शिऱ्याचा नाही, म्हणाली. हा विषाणूसुद्धा लागण झाल्यावर लवकरच मेंदूत शिरतो. तिथल्या राखण करणाऱ्या पेशी त्याच्याशी झगडत सारख्या चिडलेल्या राहतात, आणि त्यांच्यातून जे सुटतं त्याने माणसाची उमेदच जाते. "तुम्हाला मोठा ताप आला की कसं जेवण नको, बोलणं नको, उजेड नको वाटतो? हिला तसं रोज होतंय, फक्त अंग गरम लागत नाही." शिरा बंद करा, मनाची एक वेगळी गोळी देते, आणि तरीही उतरलं नाही तर रात्रीची गोळी बदलू, असं तिने सांगितलं.

मला एकदम हलकं वगैरे काही वाटलं नाही, तेवढं त्राण नव्हतं. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या स्वभावाला हात न लावता माझ्याबद्दल बोललं होतं. गोळी थांबवायचं मी पुढच्या खेपेपर्यंत लांबणीवर टाकलं.

आम्ही घरी आलो. चहा मीच केला, कारण सासूबाई आल्या आल्या भिंतीला टेकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. मला वाटलं, शिऱ्याचं मनाला लागलंय. "आई, तुम्हाला काय माहीत होतं? सोडा आता," मी म्हटलं.

"शिऱ्याचं नाही गो," त्या म्हणाल्या. कप हातात घेतला, प्यायल्या नाहीत. "तो शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून पडायचा. तू बाजारात गेलीस की मी त्याला बोलायचे. म्हणायचे, असा बायकांसारखा काय पडून राहतोस, पुरुष आहेस ना, ऊठ, चार पावलं चाल. त्याला बोललेलं सहन नाही व्हायचं, तरी बोलायचे. वाटायचं, हाच हिंमत सोडून बसलाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याच्याही मेंदूतच होतं काय गो ते?"

ती भिंत मलाही माहीत होती. ती पाठ मी रोज बघायचे. मला रोग देऊन हा साधं माझ्याकडे बघतही नाही, याचा राग मी तो गेल्यावरही मनात धरून होते. त्याच्या मेंदूत काय होतं ते आता कोणता डॉक्टर सांगणार होता?

"हो," मी म्हटलं. "तेच होतं."

त्या रडल्या. मुलगा गेला तेव्हाही अशा रडल्या नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मीही रडतेय.