नंबर पाठ असलेला ड्रायव्हर

आमचे हे ट्रक चालवतात आणि मी अंगणवाडी चालवते. डोकं जास्त कुणाचं पिकतं ते सांगायला नको. वेल्ह्याच्या अलीकडे, रस्त्याला अगदी लागून आमची अंगणवाडी आहे. दोन वर्षांपूर्वी ती देवळाच्या पडवीतून या नव्या खोलीत आली आणि पोरांना एक नवा खेळ मिळाला. गाडीचा आवाज आला की अंगणाच्या कडेला ओळीनं उभं राहायचं आणि हात करायचा. यष्टीचा ड्रायव्हर हात करतो, दुधाचा टेम्पोवाला हॉर्न देतो, तोरण्याला निघालेली शहरातली मंडळी तर गाडी थांबवून फोटो काढतात. हात न करणारा ड्रायव्हर एकच, आणि तो माझा नवरा. सहाचाकी घेऊन नाकासमोर बघत निघून जायचे.

"बाई, ट्रकवालं मामा रागावल्यात का?" पोरं विचारायची.

"घरी बी तसंच आसत्यात," मी म्हणायचे. मनातून मात्र मला लागायचं. बायको जिथं शिकवते तिथं दोन बोटं वर करायला काय जातं? पण मागून घेतलेल्या नमस्काराला काय अर्थ, म्हणून मी घरी हा विषय कधी काढला नाही. ताठा माझ्यातही कमी नाही.

तर यंदा यांच्या लायसनची मुदत संपत आली. मोठ्या गाडीचं लायसन दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. डोळे, कान, हातपाय धड आहेत का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, असं सगळं त्यात असतं. आधी हे काम एजंटच उरकायचा. यांनी डॉक्टरांचं तोंड पाहिलेलं नसायचं आणि डॉक्टरांनी यांचं. यंदा एजंटानं हात वर केले. म्हणाला, "आता तसलं चालत न्हाई भाऊ. डॉक्टरनी सोता तपासून कॉम्प्युटरवर चढवाय लागतंय."

हे निवांत होते. धाकधूक मला होती, कारण यांना लांबचं दिसत नाही असा माझा संशय होता. उत्रोलीच्या एका लग्नात यांनी नवरदेवाचे वडील समजून आचाऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि "पोरगी चांगल्या घरात पडली बगा," असं सांगून आले. आचारीही भला माणूस, "व्हय व्हय," म्हणाला आणि यांना जास्तीची जिलेबी वाढली. मी विचारलं तर म्हणे गर्दी होती.

पण खात्रीही होत नव्हती. यष्टी वळणापलीकडे असतानाच हे सांगायचे की ही स्वारगेटची, ही मुक्कामाची. माणूस बांधावरून निघाला की चालीवरून नाव घेणार. कुणाची म्हैस कुणाच्या भातात शिरली ते यांना आधी कळणार. अशा माणसाला दिसत नाही म्हणायचं कसं? "वीस वरसं घाट चालवतोय, गाडीला वरखडा न्हाई," हे यांचं उत्तर तयार.

दाखला नाही मिळाला तर ट्रक दारात उभा राहणार होता. ट्रक चार दिवस गॅरेजला असला तर हा माणूस घरात कसा फिरतो ते मी बघितलंय. माझ्या डब्यांची जागा बदलतो, शेळीला उगाच दोनदा पाणी दाखवतो. आणि दाखला मिळाला, तर हे रोज भाताचा ट्रक घेऊन पाबे घाटातून पुण्याला जाणार, त्या वळणांवरून, माझा संशय खरा असला तरी. मला दोन्हींची भीती वाटत होती. म्हणून म्हटलं, मी पण येते भोरला.

"तू कशाला?"

"मला बांगड्या भरायच्यात."

यष्टीनं गेलो. ट्रकवाल्याला यष्टीत बसवणं म्हणजे स्वयंपाकिणीला दुसरीच्या चुलीपुढं बसवणं. प्रत्येक वळणाला यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. नसरापूरला गाडी बदलली, तेव्हा दुसऱ्या ड्रायव्हरलाही यांनी मनातल्या मनात नापास केलं असणार, तोंडावरून दिसत होतं.

भोरच्या पेठेतले डॉक्टर वयस्क आहेत. त्यांच्याकडे अक्षरांचा तक्ता आहे, पण ड्रायव्हरला ते आधी तक्ता दाखवत नाहीत. "तक्ता काय रस्त्यात आडवा येतो?" म्हणतात. दवाखान्याच्या पायरीवर आणून उभं करतात आणि चौकापाशी लागलेल्या गाड्यांचे नंबर वाचायला लावतात. बाकी तपासणी झाली होती. रक्तदाब पहिल्यांदा जरा चढा आला, तेव्हा डॉक्टरांनी दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजला. कान तर एवढे तयार निघाले की आत कंपाउंडर काय पुटपुटतोय तेही यांनी सांगितलं. मग आम्ही तिघं पायरीवर आलो.

"तो पांढरा टेम्पो," डॉक्टर म्हणाले.

यांनी नंबर सांगितला, अगदी घडाघडा. डॉक्टरांनी मान डोलावली.

"पलीकडचा ट्रॅक्टर?"

तोही बरोबर. वर "ट्रॉलीचा येगळा हाय, सांगू का?" अशी ऐटही. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! उगाच नवऱ्याच्या डोळ्यांवर संशय घेतला म्हणून स्वतःलाच मनात चार शब्द सुनावले.

"आता शेवटचा. तो ट्रक, कपाळावर मोर आहे तो."

यांचं तोंड फुललं. "ती तर आमच्या भोंगवलीच्या मावसभावाची गाडी," म्हणाले आणि तिचाही नंबर सांगून मोकळे झाले. शेवटचे दोन आकडे बेचाळीस.

"झकास," म्हणत डॉक्टर सही करायला आत वळले.

मी सहज त्या ट्रककडे बघितलं. तोच पोपटी रंग, तोच मोर, खाली तीच बैलजोडी. पण नंबराच्या शेवटी होतं सतरा. मला वाटलं माझंच काही चुकतंय. पुन्हा वाचलं, सतराच. मग दिसलं की पुढच्या काचेवर झेंडूचा ताजा हार आहे आणि आतल्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. गाडी नवी होती. रंगवणारा तेवढा जुना होता.

डॉक्टर खुर्चीत बसत होते. मला गप्प बसता आलं असतं. सही झाली असती, यष्टीत मजेत घरी गेलो असतो. घाटातलं ते एक वळण माझ्या डोळ्यांपुढे आलं, जिथं समोरून गाडी येईपर्यंत कळत नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरसायब, तो नंबर चुकलाय."

"तुला काय कळतंय गाडीतलं?" हे ओरडलेच. "त्या गाडीत मी झोपलोय, जेवलोय!"

"झोपला आसाल. पर ती गाडी न्हवं ही."

डॉक्टर परत बाहेर आले, चष्मा नाकावर नीट केला, ट्रककडे बघितलं, मग यांच्याकडे. तेवढ्यात समोरच्या मिठाईच्या दुकानातून भोंगवलीचे भावजी पेढ्यांचे पुडे घेऊन बाहेर पडले आणि आम्हाला बघून रस्ता ओलांडून आले. "वैनी, बरं झालं हितंच गाठ पडली! जुनी इकली, नवी घेतली. घ्या पेढा. दादा, तुमाला कशी वाटली गाडी?"

दादा काही वाटून घ्यायच्या स्थितीत नव्हते.

डॉक्टर हसू दाबत होते. त्यांनी चौकातली एक काळी मोटार दाखवली, पुण्याच्या कुठल्यातरी पर्यटकांची असावी. "हिचा नंबर सांगा बरं."

हे बराच वेळ बघत राहिले. मग अगदी खऱ्या मनानं म्हणाले, "ती हितली न्हाई, डॉक्टरसायब. तिचा नंबर मला कसा ठावं आसंल?"

मी, डॉक्टर, कंपाउंडर, पेढ्यांसकट भावजी, सगळे हसत सुटलो. हे मात्र हसले नाहीत. त्यांना आमच्या हसण्याचं कारणच कळलं नव्हतं, आणि तेव्हा मला कळलं की यांनी फसवलं नव्हतं कुणालाच. या माणसाला खरोखर वाटत होतं की आपल्याला दिसतंय. दोन तालुक्यांतली प्रत्येक गाडी, प्रत्येक माणूस, प्रत्येक वळण यांना एवढं पाठ होतं की डोळ्यांना काही काम उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी आत नेऊन तक्ता दाखवला, भिंगं घालून बघितली आणि सांगितलं की लांबचा नंबर आहे, बराच आहे, बाकी डोळे उत्तम आहेत. "चष्मा करून या, मग सही."

यांचा चेहरा उतरला. ड्रायव्हर लोकांत एक समज पक्का आहे की कागदावर चष्मा लिहिला गेला की लायसन संपलं. डॉक्टर दोनदा म्हणाले की असं काही नसतं, चष्मा लावून दिसलं की पुरे. पण यांनी ऐकलं नाही. चष्म्याच्या दुकानात मीच फ्रेम निवडली. परतीच्या यष्टीत हे माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसले. नसरापूर आलं तेव्हा पुडीतला पेढा मात्र हात लांब करून मागून घेतला.

चष्मा तयार व्हायला काही दिवस लागले. तेवढे दिवस ट्रक दारात आणि माझे डबे भलत्याच फळीवर. शेवटी पुन्हा भोरला गेलो. दुकानदारानं चष्मा यांच्या कानांवर बसवला, हे दारात आले आणि तिथंच थबकले. मग पाट्या वाचत सुटले. कापड दुकान, कृषी सेवा केंद्र, सायकल दुरुस्ती, दातांचा दवाखाना, एकूण एक, मोठ्यानं. लोक वळून बघत होते. मला लाजही वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता. मग दवाखान्याच्या पायरीवरून यांनी चौकातल्या तीन अनोळखी गाड्यांचे नंबर वाचले. डॉक्टरांनी दाखला कॉम्प्युटरवर चढवला, त्यात चष्म्यासह योग्य असं लिहिलं, आणि हे तो कागद यष्टीत उलटा-सुलटा करून बघत राहिले. "योग्य लिवलंय," मला म्हणाले, जणू मी वाचलंच नव्हतं. लायसनही मग बिनघोर नवं झालं.

लायसन हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणवाडीत लापशी ढवळत होते. ट्रकचा आवाज आला तशी पोरं पळाली, कडेला ओळीनं उभी राहिली आणि हात हलवायला लागली. मी नेहमीसारखी मान फिरवणार होते. पण ट्रक लांबूनच हळू झाला. इतका हळू की मला वाटलं बंद पडतोय. अंगणासमोर आल्यावर खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वर झाला.

पोरांचे हात जागच्या जागी थांबले. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे पुढं काय करायचं ते त्यांना सुचेना. मग जो कल्ला उठला तो खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. सगळ्यात धाकटी माझ्या पदराला येऊन लोंबकळली, "बाई, मामानी हात केला! मामानी हात केला!"

मी खूश. संध्याकाळी चहा पुढं ठेवताना म्हणाले, "आज राजेसायबांनी परजेला दर्शन दिलं म्हणं."

हे हसले नाहीत. "ती पोरं रोज आसत्यात का गं तितं?"

"रोज."

"येवडी रस्त्याला लागून?"

"दोन वरसं झाली. तुमी कदी बगितलं का त्यांच्याकडं?"

यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. चहाला हात लावला नव्हता.

"मला वाटायचं, तुमी तितं कापडं वाळत घालताय," म्हणाले. "रंगीत रंगीत हलताना दिसायचं."

ती फ्रॉक-सदऱ्यांची ओळ मला दिसायला लागली, आणि तिला खेटून जाणारा तो भरलेला ट्रक, दोन वर्षं, रोज. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. हे उठून माझ्याजवळ येऊन बसले. मोरवाल्या ट्रकचा नंबर मी चुकीचा म्हटला त्याबद्दल पुन्हा कधी कुरकुर केली नाही.

रविवारी पुण्याची खेप यांनी सोडली. सकाळीच ट्रकमधून कळक घेऊन आले आणि अंगणवाडीच्या अंगणाला कंबरेएवढं कुंपण स्वतः बांधलं. मी तार धरत होते, हे पीळ देत होते. प्रत्येक कळकाला चार पावलं मागं जाऊन, चष्मा वर-खाली करून बघत होते की सरळ आहे का. सगळे सरळ होते.

पोरं आता कुंपणाच्या आतून हात करतात. हे वळणावरूनच हॉर्न देतात.