टाकीतले पावणेसात किलो

माझे वडील वजनमापे खात्यातून निवृत्त झाले त्याला वीसेक वर्षं झाली, पण वजनमापं काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाहीत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ते नागपूरहून आमच्याकडे कॅनडात, रेजिनाला आले, तेव्हा बॅगेत माझ्यासाठी सांडगे होते आणि स्वतःसाठी स्प्रिंगचा हुकवाला काटा. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. ते परत जाऊ नयेत, इथेच राहावेत, असं मला वाटत होतं आणि मी ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत होते. ते म्हणायचे, "पाहू." आणि ग्रोसरीतून आणलेली कणकेची पिशवी काट्याला अडकवायचे.

आमच्या स्वयंपाकघरात विजेच्या कॉइलचा स्टोव्ह आहे. त्यावर वांगं भाजत नाही, शिजतं. तळायला घेतलं की स्मोक अलार्म बोंबलतो. त्यामुळे उन्हाळ्यात भरताची वांगी, पुऱ्या, भजी, सगळं घरामागच्या लाकडी डेकवर, प्रोपेनच्या टाकीला जोडलेल्या शेगडीवर चालतं. बाबा आल्यावर त्या शेगडीचा ताबा त्यांनीच घेतला. टाकीत किती गॅस उरलाय हे बघायची त्यांची रीत मला तेव्हाच थक्क करून गेली. ते टाकीच्या अंगावरून कोमट पाणी ओतायचे आणि मग वरून खाली हळूहळू तळहात फिरवत न्यायचे. एका जागी हात थांबायचा. तिथून वर टाकी कोमट आणि तिथून खाली एकदम गार. "इथपर्यंत आहे," ते म्हणायचे. मी हात लावला तर खरंच तिथे रेघ असायची, दिसत नव्हती पण होती. इतकी वर्षं मी ती टाकी वापरत होते आणि मला कधी ती रेघ सापडली नव्हती.

टाकी आणायचं काम नवऱ्याचं. जुलैअखेर तो कामासाठी विनिपेगला गेला होता आणि जाताना सांगून गेला, की टाकी संपली तर रिफिल करून आण. आता, मी वाढले नागपुरात. तिथे 'रिफिल बुक केलं' म्हणजे रिकामा सिलिंडर द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. भरलेला म्हणजे भरलेला, त्यात दुसरा अर्थ नाही. इथे दुकानाबाहेर लोखंडी पिंजऱ्यात टाक्या रचून ठेवलेल्या असतात. मी आमची टाकी दिली, पिंजऱ्यातली चकचकीत घेतली, पैसे दिले आणि फोनवर नवऱ्याला सांगितलं, "रिफिल आणलं." तो बरं म्हणाला. मी त्याच्या मराठीत बोलत नव्हते आणि तो माझ्या, हे दोघांनाही कळलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्याकडे वीसेक माणसं जेवायला होती. आदल्या संध्याकाळी बाबांनी डेकवर वांगी भाजून ठेवली होती. शनिवारी पुऱ्या निम्म्या झाल्या आणि ज्योत मलूल होऊन विझली. टाकी रिकामी. एरवी महिनाभर पुरणारी टाकी तिसऱ्याच आठवड्यात संपली म्हणजे कुणीतरी ती उघडी ठेवली असणार, आणि कुणी, ते उघडच होतं. मी हातात झारा घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, काल तुम्ही व्हॉल्व्ह ऑफ नाही केला. रात्रभर लीक झाला असणार. इथे आग लागली असती, कळतंय का?"

बाबा म्हणाले, "असेल."

सकाळी मी शेगडी पेटवली तेव्हा व्हॉल्व्ह मी फिरवला होता की तो आधीच उघडा होता, हे मला आठवत नव्हतं. पण ते आठवायची मला गरजच वाटली नाही. माझी मुलगी हळूच म्हणाली, "इट्स ओके, आजोबा, एव्हरीवन फर्गेट्स," आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर बाबा बदलले. शेगडीला हात लावेनात. खिशात एक छोटी वही ठेवायला लागले. त्यात लिहिलेलं मी एकदा पाहिलं: 'गोळी घेतली, ८.१०. मागचं दार लावलं, ८.२५. नळ बंद.' मला वाटलं, बरं झालं, शहाणपण आलं. मी लोखंड गरम असताना घाव घातला. म्हटलं, "बाबा, एकट्याने नागपुरात राहायचं वय आहे का हे? तिथे तर घरात गॅस आहे." ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. आमच्या खिडकीतून बघण्यासारखं काही नसतं, सपाट जमीन आणि वर आभाळ. मग म्हणाले, "तिकीट कॅन्सल कर." मी त्याच दुपारी केलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

सप्टेंबरमध्ये मी पुन्हा पिंजऱ्यातली टाकी घेऊन आले. डेकवर ठेवली तशी बाबा काटा घेऊन आले. किती दिवसांनी त्यांनी तो काढला होता. टाकीच्या गळ्याभोवती लोखंडी कडं असतं, त्यावर रिकाम्या टाकीचं वजन ठोकलेलं असतं. ते त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं: आठ किलो. मग नवऱ्याने आणि मी मिळून काट्याला लावलेली टाकी उचलून धरली. काटा पावणेपंधरावर थांबला.

"पावणेसात किलो गॅस," बाबा म्हणाले. "जावईबापू, ही भरलेली नाही."

नवऱ्याने लेबल पाहिलं. निव्वळ वजन बारीक अक्षरात तिथे छापलेलंच होतं, कुणी काही लपवलं नव्हतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू एक्स्चेंज केलीस? रिफिल म्हणजे आपलीच टाकी भरून आणायची ना." त्या दिवशी मला तेरा वर्षांनी रिफिल या शब्दाचा इथला अर्थ कळला.

ती टाकी संपल्यावर बाबांनी हट्टच धरला, की भरतात कशी ते बघायचं. गावाबाहेर गव्हाच्या कापलेल्या शेतांना लागून ते ठिकाण आहे. एक आडवी पांढरी अवाढव्य टाकी आणि जाड हातमोजे घातलेला एक म्हातारा माणूस. त्याने आमची टाकी जोडली, बाजूचा एक बारका स्क्रू सैल केला आणि पंप सुरू केला. बाबा त्यांच्या तपासणीच्या इंग्रजीत प्रश्न विचारत होते. थोड्या वेळाने त्या स्क्रूतून पांढरी वाफ फुस्सकन आली आणि त्याने लगेच पंप बंद केला. बाबा म्हणाले, अजून जागा आहे, पूर्ण भरा. तो हसला. त्याने सांगितलं, पाचवा हिस्सा रिकामा ठेवावाच लागतो, ऊन लागलं की आतला गॅस फुगतो. आणि आतलं पाण्यासारखं पातळ प्रोपेन उणे बेचाळीसला उकळतं, आत्तासुद्धा उकळायलाच बघतंय, फक्त टाकीने दाबून धरलंय. जानेवारीत इथे कधीकधी तितकी थंडी पडते, तेव्हा ते उकळायचं नाव घेत नाही.

बाबांनी टाकीवर हात ठेवला. तिथे जवळजवळ बर्फासारखं गार लागत होतं. "हे उकळतंय?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मी मान हलवली. माझ्या घरामागे इतकी वर्षं हे असलं काहीतरी पडून होतं आणि मी त्यावर भजी तळत होते. बाबांचा चेहरा मी लहानपणापासून बघत आले, पण तसा कधी पाहिला नव्हता. ते त्या माणसाला म्हणाले, "व्हेरी करेक्ट मेझर, सर," आणि मला त्यांच्याकडे बघून भरून आलं.

घरी येऊन काटा लावला. सतरा. म्हणजे नऊ किलो गॅस, आणि तोही पिंजऱ्यातल्यापेक्षा पाच-सहा डॉलर स्वस्त. बाबा खुशीत डायनिंग टेबलापाशी बसले आणि पाकिटाच्या पाठीवर मला हिशेब समजावून सांगू लागले. त्यांचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे.

"हे पाहा. नऊ किलो आपल्याला चार आठवडे जातं. तर पावणेसात किती जाईल? तीन." त्यांनी तीनवर गोल केला. मग पेन तिथेच राहिलं.

"ऑगस्टमध्ये संपली ती टाकी कुठून आणली होतीस ग?"

"पिंजऱ्यातूनच," मी म्हणाले, आणि म्हणताना मला कळलं.

बाबा त्या गोलाकडे बघत होते. मला वाटलं, आता चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही व्हॉल्व्ह बंद केला होता. टाकीत गॅसच कमी होता. मी उगाच बोलले तुम्हाला. सगळ्यांसमोर बोलले."

"बोललीस त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मला बंद केलेला आठवत होता. फिरवताना व्हॉल्व्हच्या चाकाला काजळी लागली होती, ती मी धोतराला पुसली, तेसुद्धा आठवत होतं. तरी तू म्हणालीस म्हणून तुझंच खरं धरलं."

जन्मभर काट्याशिवाय कुणाचा शब्द न मानलेल्या माणसाने माझा शब्द मानला होता, आणि तो मी असा वापरला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मी लॅपटॉप ओढला आणि नागपूरची तिकिटं शोधायला लागले. ऑक्टोबरच्या तारखा अजून मिळत होत्या. मिळू नयेत असं मला वाटत होतं. मी त्या एकेक करून त्यांना वाचून दाखवल्या.