ट्राफिकात अडकलेलं पावणं

"हुन्छ" म्हटलं की वैनीनं कमरंचा पट्टा आवळला म्हणून समजा. साडीवरनं पाच-सहा वेढं घालून बांधायचा एक लांब कापडी पट्टा हुता तिचा. तिकडं नेपाळात बायका बांधत्यात तसला. कांदं चिरायचं असू दे न्हायतर सिलिंडर हलवायचा असू दे, आधी पट्टा आवळणार, मग म्हणणार, "हुन्छ." म्हणजे व्हतंय. मीबी सगळ्याला "व्हतंय"च म्हणतो, खरं माझ्यात निस्तं तोंड म्हणतंय, काम काय व्हत न्हाय.

मी हायवेवरच्या हॉटेलात भजी तळतो. बेळगावातनं निपाणीकडं जाताना तुमीबी कधीतरी खाल्ली असशीला. पोटात दुखलं असंल तर त्यो मीच. शाळेत मी दोनच येळा गेलतो, एकदा नाव घालाय आणि एकदा मास्तरच्या म्हशीमागनं. म्हैस तेवढी घावली.

मालकानं नेपाळातनं नवा आचारी आणला, तेला आमी दाजू म्हणायचो, तेंच्यात दाजू म्हणजे थोरला भाऊ. तेच्या संगट तेची बायको आली, ती वैनी. नाव हुतं की तिला, खरं माझ्या जिभंला ते कधी जमलंच न्हाय. आमच्या घरामागची पत्र्याची खोली मी तेंस्नी भाड्यानं दिली.

पयल्याच दिवशी मी लई शाणपणानं इचारलं, "वैनी, तुमच्यात बर्फ पडला की म्हशी कुठं बांधता?"

"घराच्या खाली. आमी वर, म्हैस खाली."

माझी बायको आतनंच म्हणाली, "बरं हाय की. आमच्यात दोघं एकाच पातळीवर हाईत."

दुसऱ्या दिवशी दाजूचं स्वागत करूया म्हणून मी तेला आपली मिरची भजी चारली, त्यातली तिखटातली तिखट निवडून. दाजू थेट पाण्याच्या बॅरलात तोंड घालून हुबारला. मी हसलो, लई हसलो, आणि हसता हसता हात कढईत घातला. आठ दिवस पट्टी. त्या आठ दिवसांत माझी भजी वैनीनं तळली. गिऱ्हाईकं मालकाला सांगून गेली, "आता भजी सुधारली बघा."

वैनी लई पटकन रुळली. मालकिणीकडनं कन्नड शिकली, माझ्या बायकोकडनं मराठी. आमच्या गावानं जागेवर बसून राज्य बदललंय, त्येला किती वर्सं झाली, खरं मला अजून कन्नडातलं सा शब्द येत्यात आणि त्यातलं चार शिव्या हाईत. ही बाई देश वलांडून आली आणि सा महिन्यांत बाजारात दोडक्यावरनं दोन भाषांत भांडाय लागली.

तरीबी एक हुतंच. दोन वर्सं झाली तरी गल्लीत कोण पत्ता सांगाय लागलं की "ती नेपाळ्यांच्या खोलीच्या अलीकडं" असंच म्हणायचं. नळावर वैनीची घागर शेवटाला. कोण वाईट वागत न्हवतं बघा. खरं भाड्यानं आलेली माणसं, आज हाईत उद्या न्हाईत, असा हिशोब.

एक दिवस वैनी कांदं चिरता चिरता म्हणाली, "अण्णा, आमी गावचा कधी होणार?"

मी घाणा काढत हुतो. तोंडाला आलं ते बोललो. "लक्ष्मीच्या यात्रंला जेच्या दारात पन्नास माणूस जेवून जातंय, त्यो गावचा."

वैनीनं सुरी खाली ठेवली. पट्टा आवळला.

आमच्याकडची यात्रा तुमी बघितलीच असशीला. लई वर्सांनी एकदा येती. देवी बाहीर निघती, भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं व्हतंय, आणि घराघरात पावणं. जेच्या घरात पावणं न्हाईत ते घर म्हणजे दिव्याबिगरची खोली. आणि त्या साली यात्रा तोंडावर आलती. वैनीनं बकरं ठरवलं. शहापुरात जाऊन एक हिरवी साडी आणली, मागावर इणत्यात तसली. ताटं मात्र न्हवती. माझी बायको गल्लीत फिरली आणि घराघरातनं नाव घातलेली स्टीलची ताटं मागून आणली, बरोब्बर पन्नास. गंगाक्का आमच्या गल्लीतली सगळ्यात खडूस बाई. तिनं ताट देताना बजावलं, "नाव बघून घेती मी परत. एक बी इकडचं तिकडं झालं तर बघा."

आता राहिली माणसं. वैनी म्हणाली, "अण्णा, आमचं पावणं यायला चार दिवस लागत्यात. कोण येणार?"

"माणसं माझ्यावर सोड," मी म्हटलं. हे वाक्य मी बोललो की माझी बायको देवाकडं बघती.

मी खरंच फिरलो बघा. न्हाव्याला सांगितलं, रिक्षावाल्यांना सांगितलं, कडोलीच्या माझ्या साडूला सांगितलं. सगळी म्हणाली, "येतो की!" यात्रंत "येतो की" म्हणजे काय असतंय, तुमास्नी ठाव हाय. एकेकाला धा घरं असत्यात जेवायची.

यात्रंदिवशी सकाळी मी पावणं गोळा कराय निघालो. पयल्याच घरात धरला. "शिवाप्पा, दोन घास खाऊन जा." खाल्लं. दुसऱ्या घरात न्हाय म्हणावं तर राग. तिथंबी खाल्लं. तिसऱ्यात रस्सा लई झकास हुता, तिथं मीच मागून घेतला. चौथ्या घरात बाजलं मोकळं दिसलं. जरा पाठ टेकली, एवढंच.

उठलो ते बायकोच्या आवाजानं. "ओ! उठा की, मुडदा बशीवला तुमचा! तीन वाजलं. ती तिकडं भांडं उतरून बसलीया, एक माणूस आलं न्हाय!"

मी धावत गेलो. धावत म्हणजे चार घरांचं जेवण घेऊन जेवढं धावता येतंय तेवढं. दारात वैनी बसलेली, हिरवी साडी नेसून. अंगणात पन्नास ताटं धुऊन वळीनं उपडी घातलेली. दाजू पातेल्यावर झाकण ठेवून भिताडाकडं बघत हुता. गल्लीत दर घरात गलका, आणि ह्या खोलीपुढं माशीबी न्हाय. जाणारी-येणारी बघत हुती आणि बघितलं न्हाय असं करत हुती.

वैनी शिव्या देईल म्हणून मी तयार हुतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं निस्तं इचारलं, "अण्णा, किती येतंय?"

माझ्या मिशीला अजून रस्सा लागलेला. मी खोटं बोललो. "येतंय की सगळी. ट्राफिकात अडकल्यात."

ट्राफिक हुतं म्हणा. गावच्या फाट्यापास्नं हायवेपतोर गाड्यांची रांग लागलेली, मुंगी सरकत न्हवती. खरं त्यात माझं कोण न्हवतं.

वैनी उठली. म्हणाली, "हुन्छ." नव्या साडीवर पट्टा आवळला. पातेल्याचा एक कान तिनं धरला, दुसरा दाजूनं. ताटं माझ्या आणि बायकोच्या डोक्यावर. म्हणाली, "पावणा इकडं येत न्हाय, तर जेवण तिकडं जातंय. अण्णा, कुठली गाडी?"

आता काय सांगणार? फाट्यावर पयला भाजीचा टेम्पो हुता. मी तेच्याकडं बोट केलं. "ह्यो."

ड्रायवरनं माझं तोंड जल्मात बघितलं न्हवतं. वैनीनं खिडकीतनं ताट आत सारलं. "ऊट माड्री! जेवा! खानुस!" कन्नड, मराठी, नेपाळी, कुठलं तरी एक लागणारच. सकाळपास्नं उपाशी बाबा, तेनं खाली बघितलं आणि खाया लागला.

"आणि कुठली, अण्णा?"

"ही बस... सगळी."

"सगळी?"

"आमचं खानदान लई मोठं हाय."

मग काय सांगू तुमास्नी! बसच्या खिडक्याखिडक्यांतनं ताटं आत. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट?" वैनी म्हणाली, "तिकीट नको, भाकरी घे." दुधाच्या टँकरवाल्यानं दोनदा रस्सा मागितला. कॅम्पातली एक जवानाची बायको गाडीत पोरं घिऊन बसलेली, तिनं काच जराशीच खाली केली, वास आत गेला, मग पुरी खाली केली. एका गाडीत माळकरी आजोबा हुतं, तेंच्यासाठी वैनी पळत गेली आणि माझ्याच घरातली पोळीची बुट्टी उचलून आणली. बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "शिका जरा."

पन्नासावं ताट गेलं. दाजू पातेल्याचा तळ खरवडत हुता. वैनी रस्त्याच्या मधोमध पळी घिऊन हुबारली, घामानं कुक्कू गळ्यापतोर आलेलं. अशी हसत हुती की मला माझी लाज वाटली. तसं मला सवय न्हाय लाजंची, म्हणून लक्षात राहिलं.

आणि तेवढ्यात फुडं पोलिसानं शिट्टी मारली. रांग सुटली.

तुमीच सांगा, ट्राफिक सुटल्यावर कोण थांबतंय? टेम्पो गेला, टँकर गेला, बस गेली. ताटं संगट! मी बसमागनं पळालो, "ताट! ताट!" कंडक्टरला वाटलं मी टाटा करतोय, त्यानंबी हात हलवला. मी भंडाऱ्याच्या चिखलात उताणा. उठून बघितलं तर पन्नासातली अकरा ताटं रस्त्याच्या कडंला, बाकीची निपाणी, कोल्हापूर, गोवा.

वैनी तिथंच दगडावर बसली. सकाळपास्नं रडली न्हवती ती तिथं रडली. "अण्णा, आता गाव काढून टाकणार."

गंगाक्का तर पदर खोचूनच आली. "माझं ताट कुठाय? सांगितलं हुतं की न्हाय मी? भाड्याच्या माणसाला..." माझी बायको आडवी आली. "तिला काय बोलायचं न्हाय. माझ्या नवऱ्याला बोल, पायजेल तेवढं." गंगाक्का तेवढं बोलली. जरा जास्तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली मान घालून भजी तळत हुतो. कालचीच बस हॉटेलापुढं थांबली. कंडक्टर उतरला, हातात सात ताटं. "त्या बाईला द्या." वरच्या ताटात केळ्याचा फणा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं न्हाय, एवढं सगळ्यांना ठाव असतंय, देश कुठलाबी असू दे. दुपारी भाजीचा टेम्पो आला, ताटात कोबीचा गड्डा. टँकरवाला आला, ताटात खवा. कॅम्पातली ती बाई स्कूटरवरनं थेट खोलीवर आली, ताटात पोरांनी निम्मा खाल्लेला केक. पंधरा दिवसांत दोन-तीन सोडली तर सगळी आली.

ती घरोघर पोचवायचं काम मी मागून घेतलं, पापाचं प्रायश्चित्त म्हणून. आता ताटावर नाव असतंय आणि मला वाचता येत न्हाय, हे माझ्या ध्यानात आलं ते वाटून झाल्यावर. गंगाक्काचं ताट सुताराकडं, सुताराचं गुरवाकडं, गुरवाचं आणि कुणाकडं. दुसऱ्या दिवसापास्नं सगळ्या बायका आपापलं ताट हुडकत वैनीच्या दारात. बदलाबदली चालली. एक आली की दुसरी येईपतोर थांबायची, थांबली की च्या व्हायचा, च्या झाला की बोलणं व्हायचं. महिनाभर त्या पत्र्याच्या खोलीत पाय ठेवाय जागा न्हवती. पन्नास काय, दीडशे माणूस येऊन गेलं असंल. गंगाक्का तर ताट घावल्यावरबी येत राहिली, म्हणायची, "अजून एक वाटी हुडकायची हाय." वाटी कधी दिलीच न्हवती तिनं.

मग कवा कोण जाणे, गल्लीत पत्ता सांगताना माणसं "वैनीच्या घराच्या अलीकडं" म्हणाय लागली.

गेल्या साली दाजूचा बा थकला, डोंगरातली शेती पडीक पडली, म्हणून ती दोघं परत गेली. जायच्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली. चार दिवसांचा परवास, म्हणून घराघरातनं ताट झाकून आलं. चटणी-भाकरी, शेंगापोळी, धपाटी. गंगाक्काचं ताट सगळ्यात मोठं. वैनीनं आपल्या पोटची पोरं असल्यासारखी ती ताटं पोत्यात भरली. ताट परत मागायचं कुणाच्या मनात आलं न्हाय. मीबी आमचं एक दिलं, सासऱ्यानं लग्नात माझं नाव घालून दिलेलं. बायको म्हणाली, जाऊ दे, तेवढंच तुमचं नाव कुठंतरी चांगल्या घरात राहील.

आता पत्र्याच्या खोलीत आमी लाकडं ठेवतो. भजी मीच तळतो, गिऱ्हाईकं तोंड वाकडं करून खात्यात.

तिकडची अक्षरंबी आपल्यासारखीच असत्यात म्हणं. म्हणजे तिथं डोंगरातल्या घरात फळीवर आमची अख्खी गल्ली वळीनं हुबी असणार, आणि मला जे वाचता येत न्हाय ते तिकडचं कोणतरी जेवता जेवता वाचत असणार. भात संपवून, बोटानं ताट पुसून इचारत असंल, "ह्यो शिवाप्पा कोण?"

आणि वैनी चुलीपास्नं न उठताच सांगत असंल, "आमच्या गावचा हाय."