सत्तेचाळीस नंबरच्या गाण्याचा शेवट

या विषयावर मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. मला कुठलंही वाद्य वाजवता येत नाही. इंग्रजी गाण्यांचे निम्मे शब्द मला आजही कळत नाहीत, आणि जे कळतात ते बरोबरच कळले असतील याची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं म्हणण्याआधी मी दोनदा विचार करतो. एकदा केला नाही, त्याचीच ही हकीकत आहे.

रॉक गाणी माझ्याकडे एका मेमरी कार्डातून आली. तेव्हा मी नववीत होतो. पप्पा गोरेगावच्या एका ऑफिसात हाऊसकीपिंगला आहेत. तिथल्या एका साहेबांनी नवा फोन घेतला आणि जुना पप्पांना दिला. आत त्यांचं कार्ड तसंच राहिलं होतं. पप्पा ते परत द्यायला गेले, तर साहेब म्हणाले, राहू द्या. कार्डात सत्तेचाळीस गाणी होती. त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. कोण गातंय, कुठल्या देशातलं आहे, काही कळायला मार्ग नव्हता. पुढे घरात नेट आल्यावर शोधता आलं असतं, पण तोवर मला आकड्यांचीच सवय झाली होती.

दहिसरच्या आमच्या खोलीत मी ती गाणी पाठ केली. खरं सांगायचं तर गाणी नाही, त्यांतल्या जागा पाठ केल्या. नऊ नंबरच्या गाण्यात धृपदाच्या आधी सगळी वाद्यं क्षणभर मागे सरतात आणि गाणाऱ्यानं घेतलेला श्वास ऐकू येतो. तो पुसून टाकता आला असता, पण त्यांनी ठेवला. मी धृपदाची नाही, त्या श्वासाची वाट बघायचो. बावीस नंबरमध्ये सुरुवातीला बराच वेळ एकटं बेस गिटार वाजतं. आपण त्याच्या तालावर मान हलवत असतो. मग ड्रम येतात आणि कळतं की इतका वेळ आपण चुकीच्या ठोक्यावर मान हलवत होतो. जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक असावी, तसं होतं. पन्नास वेळा ऐकूनही व्हायचं. एकतीस नंबरमध्ये गाणाऱ्या बाईंचा आवाज वरच्या सुरावर चिरतो. त्या जागेबद्दल मला अजून धड काही सांगता येत नाही.

पण सगळ्यात आवडती जागा सत्तेचाळिसाव्या गाण्यात होती, अगदी शेवटी. पाच मिनिटं गाणं वाढत वाढत जातं, गिटार, ड्रम, आवाज सगळं एकमेकांवर चढतं, आणि ऐन भरात एकाच क्षणी थांबतं. बास. हळूहळू विरणं नाही, काही नाही. गाणं असं संपवायला केवढी हिंमत लागली असेल, असं मला वाटायचं.

कांदिवलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी मी सांस्कृतिक मंडळात गेलो. येत काहीच नव्हतं, म्हणून मला दिव्यांचं काम दिलं. रंगमंचावर कुठला दिवा कधी लावायचा, कधी विझवायचा. ते मला बऱ्यापैकी जमलं. कॉलेजचा एक बँड होता. त्यातला ड्रमर माझा मित्र झाला, तेही त्यानं एकदा तालमीत सत्तेचाळीस नंबरची सुरुवात वाजवली म्हणून. मला धक्काच बसला. माझ्या कार्डातलं गाणं आणखी कुणाला माहीत असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

तो शेवटच्या वर्षाला होता. त्यांच्या घरात ड्रम ठेवायला जागा नव्हती, तो उशा मांडून सराव करायचा. जूनपासून मामाच्या कुरिअरच्या ऑफिसात त्याची नोकरी ठरली होती. मुलुंडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अंतिम फेरी गाठायची, एवढंच त्याला हवं होतं. "एकदा मोठ्या स्टेजवर वाजवू दे यार, मग मामाची पाकिटं आहेतच जन्मभर," असं म्हणायचा.

त्यांनी तेच गाणं घेतलं. तालमीत शेवटचा भाग सहानंतर व्हायचा आणि मला साडेपाचला शिकवणीची मुलं घ्यायला निघावं लागायचं. ड्रमरनं विचारलं, "शेवट तू बघितलाच नाहीस. चालेल ना?"

"पाठ आहे मला," मी म्हणालो.

प्राथमिक फेरी दुपारी होती. गाणं संपलं की पूर्ण अंधार करायचा, मग सगळे दिवे लावायचे, आणि दिवे लागले की सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं मंचावर यायचं, असं ठरलं होतं. मी दिव्यांच्या बटणांवर बोटं ठेवून बसलो. गाणं चढत गेलं. माझी जागा आली. सगळं थांबलं. मी अंधार केला, दोन मोजले आणि सभागृहातले सगळे दिवे लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी माईक घेऊन हसत मंचाच्या मध्यावर आली आणि आभार मानायला लागली. ड्रमर मान वळवून वर माझ्या दिशेनं बघत होता.

टाळ्या थांबल्यावर त्यानं काठ्या एकमेकींवर चार वेळा आपटल्या आणि ते पुढे वाजवू लागले. ती मुलगी कुठे जावं हे न कळून गिटारवाल्याच्या शेजारी उभीच राहिली. मला कुठला दिवा लावायचा ते माहीत नव्हतं. सगळे लागलेलेच राहिले.

नंतर आम्ही सभागृहाबाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. ड्रमर म्हणाला, "पाठ होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

मी कार्डाचं सांगितलं. "माझ्याकडे ते तिथेच संपतं."

"संपतं म्हणजे? येड्या, पुढे दीड मिनिट आहे. खरं गाणं तिथून सुरू होतं."

बँडमधली गाणारी मुलगी मध्येच म्हणाली, "कार्ड भरलं असेल रे कॉपी करताना. शेवटची फाइल अर्धीच आली." मग ती हसायला लागली. "पण त्या बयेचं तोंड बघितलंस? मला वाटलं आता ही पण गाते."

ड्रमर हसला नाही. त्यानं आपले इअरफोन काढून माझ्या हातात दिले आणि गाणं लावलं.

माझ्या ओळखीची ती शांतता आली. मी सवयीनं गाणं संपलं असं धरलं. आणि मग ड्रम परत आले. आधीपेक्षा संथ, जड, जणू इतका वेळ ते दुसऱ्याच खोलीत वाजत होते आणि आता कुणीतरी दार उघडलं होतं. समोर तो उभा होता, त्याची संधी मी घालवली होती, आणि तरीही मला आनंद होत होता. त्या आनंदाची मला लाज वाटली. "वाट लावली मी तुमची," एवढंच म्हणालो. त्यानं इअरफोन परत घेतले आणि चहाचा ग्लास टपरीवर ठेवून आत गेला.

निकाल आठवड्याभरात कळवू, असं आयोजकांनी सांगितलं होतं. मी तालमीच्या खोलीकडे फिरकलो नाही. रविवारी पप्पा युनिफॉर्मला इस्त्री करत होते, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. रॉक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी शर्टाची कॉलर पूर्ण केली आणि विचारलं, "जयंतीला आपल्याकडे गायन पार्टी येते. मधेच ढोलकी थांबते. कोणी उठून जातं का?"

"नाही."

"का नाही जात?"

मी विचार केला. "गायकाचा हात वर असतो. तो अजून काहीतरी म्हणणार असतो."

"मग तुझा तो मित्र काय हात खाली घेऊन बसला होता?"

मला आठवलं. त्याच्या दोन्ही काठ्या हवेत होत्या. अंधार करण्याआधी मला त्या दिसल्या होत्या, पण मी बघत नव्हतो. माझ्या कानात कार्ड वाजत होतं.

सोमवारी मी ड्रमरला भेटून हे सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना. मी पण गाणं लगेच पुढे उचलायला हवं होतं, मी बघत बसलो." पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, आणि तो फोन सारखा उलटा करून बघत होता. मंगळवार गेला, बुधवार गेला.

गुरुवारी दुपारी मी लायब्ररीत होतो तेव्हा त्याचा मेसेज आला. "आलो. सहा कॉलेजं घेतली, आपण पाचवे. फायनलला दिवे त्यांचा माणूस करणार, बाहेरचा कोणी नको म्हणाले. तू समोर बस."